चौदा पाकिटांचे तीन वाटे

परवा दुकानात चिमूरकडचा एक माणूस रिपोर्ट घेऊन आला. कागद काउंटरवर पसरला. एका शब्दाखाली त्यानं पेनानं तीन रेघा मारल्या होत्या, त्यावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, हे कॅन्सर व्हय का नाई व्हय?" मी वाचलं. इन्टेस्टायनल मेटाप्लेझिया. "नाही," मी म्हटलं. "पण..."

आणि तिथंच अडकले. सावली गावात माझं औषधांचं दुकान आहे, त्याला आता तीस वर्षं होत आली. पण या "पण"च्या पुढचं वाक्य मला तेव्हा येत नव्हतं आणि आजही धड येत नाही. त्या माणसाला मी त्याच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं. जाताना एवढं बजावलं की जे औषध मिळेल ते सगळंच्या सगळं एकट्यानं खायचं. तो माझ्याकडे बघतच राहिला. औषध एकट्यानं खायचं, ही काय सांगायची गोष्ट झाली? झाली. ती मला गफूरचाचांमुळे कळली.

गफूरचाचा कल्हईवाले. आमच्या घरापासून चौथं घर त्यांचं. उंच, किंचित वाकलेले, अंगात बनियन, खाली चौकड्याची लुंगी, आणि भुवया कायम अर्ध्या जळलेल्या. भट्टीवर वाकून वाकून त्या पुऱ्या वाढायच्याच नाहीत. घरासमोरच्या चिंचेखाली जमिनीत खड्डा करून भट्टी, शेजारी भात्याचं चाक, आणि ते चाक फिरवायला जमिलाचाची, त्यांची बायको. बाजाराच्या दिवशी हा सगळा संसार चामोर्शीला नाहीतर मूलला जायचा. इतर दिवशी सावलीतली पितळेची भांडी त्यांच्या दारात येऊन पडायची.

त्यांचं काम बघायला मी शाळेत असताना तासन्‌तास उभी राहायची. भांडं रेतीनं घासायचं, निखाऱ्यावर लाल होईस्तोवर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची की भपकन पांढरा धूर. मग कथलाची कांडी आतून टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं गरगर फिरवायचं. पिवळं काळपट भांडं आतून पांढरंशुभ्र होऊन जायचं. पण चाचा ते लगेच परत देत नसत. आधी भांडं उन्हाकडे तिरपं करून आत बघायचे. एक डोळा मिटून, बराच वेळ. बाहेरून भांड्याला पोचे असोत, काजळी असो, त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. एखाद्या बाईनं तक्रार केलीच तर म्हणायचे, "भाईरून काय पाहता बाई? खानं त अंदर राह्यते. अंदर पाहा."

ही आत बघायची खोड त्यांना सगळीकडे होती. चहाचा कप हातात दिला की आधी तिरपा करून आत बघणार, मग पिणार. चप्पल घालताना आत बघणार. माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला अख्खं गाव आलं होतं. सगळ्यांनी पाटी बघितली, दिवे बघितले, आमच्या समाजातली पोरगी फार्मसी शिकून आली म्हणून माझ्या आईचं कौतुक केलं. चाचांनी एकेक ड्रॉवर ओढून आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "अच्छा हाये. मुंग्या नाई." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी नव्हती.

दुसरी खोड वाटे करायची. बकरी ईदला कुर्बानीच्या मटणाचे तीन वाटे होतात. एक घरचा, एक जवळच्या माणसांचा, एक गरिबांचा. आमचं घर दुसऱ्या वाट्यात. आतून नवी कल्हई केलेला पितळी डबा दर ईदला यायचा आणि माझी आई तो धुऊन त्यात मूठभर मोहफुलं घालून परत पाठवायची. पण चाचांचं एवढ्यावर भागत नव्हतं. त्यांचे सगळ्याच गोष्टींचे तीन वाटे. बिस्किटाचा पुडा फोडला, तीन वाटे. रस्त्यात आंबा सापडला, तीन वाटे. एकदा मी त्यांना सर्दीसाठी वाफ घ्यायच्या सहा कॅप्सूल दिल्या, तर दोनच त्यांच्या नाकाला लागल्या. तेव्हा मी हसले होते. हसायला नको होतं. तेव्हाच समजून घ्यायला हवं होतं.

मी नववीत असतानाची एक गोष्ट सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. बुद्धपौर्णिमेला आमच्या मोहल्ल्याचं सार्वजनिक जेवण होतं. भात, वांग्याची भाजी आणि समाजाच्या मोठ्या पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, कढी. जेवण झालं आणि तासाभरात माणसं पोट धरून ओकायला लागली. आचाऱ्यावर सगळे तुटून पडले. कोणी म्हणालं ताक खराब होतं, कोणी म्हणालं कोणीतरी काहीतरी कालवलं. आचारी बिचारा रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले, कोणाशी एक शब्द न बोलता त्या गंजात खांद्यापर्यंत शिरले आणि आतूनच त्यांचा आवाज आला, "कल्हई गेली हो याची!"

बाहेर येऊन म्हणाले, "ताक आंबट व्हय. आंबट आन पितळ, या दोघाईचं जमत नाई. मधात कल्हई पायजे. थे नसली का कढी कळकते. यात आचाऱ्याचा काय दोष?" आणि पूर्ण दिवस खपून त्यांनी समाजाची सगळी भांडी कल्हई करून दिली. एकच गंज केला असता तर नसतं का चाललं? "एक केला आन बाकीचे तसेच ठेवले त काय फायदा?" हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं नाही. राहायला पाहिजे होतं.

दोन हजार सालाच्या आसपास चाचांचं पोट बिघडलं. जेवलं की जळजळ, नाही जेवलं की जळजळ. ते खायचा सोडा फाकायचे, माझ्याकडून गुलाबी औषधाची बाटली न्यायचे आणि वर खर्रा खायचे. खर्रा म्हणजे आमच्याकडचा तंबाखू-सुपारीचा घोटलेला माल, जो इथं जेवणाआधी आणि जेवणानंतर आणि जेवणाऐवजीही खातात. वजन उतरायला लागलं तेव्हा मी घाबरले. कारण त्यांचा मोठा भाऊ पोटानंच गेला होता. रक्ताच्या उलट्या करत, चार महिन्यांत. चाचा त्याविषयी बोलत नसत, पण जेवताना हात थांबला की चाची त्यांच्याकडे कशी बघायच्या ते मी पाहिलं होतं. मी मागे लागून लागून त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं.

मला वाटलं होतं, खचून येतील. आले ते नवरदेवासारखे. दुकानात शिरतानाच, "बेटा, माह्या पोटात बत्ती घातली! आन टीव्हीवर पाह्यलं! मीबी पाह्यलं!" जन्मभर दुसऱ्यांच्या भांड्यात बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या आत बघायला मिळालं होतं. "मंग कसं दिसलं?" मी विचारलं. चाचांचा चेहरा जरा बदलला. "सफा नाई," ते म्हणाले. आणि झोळीतून रिपोर्ट काढला.

त्या दिवशी तो शब्द, इन्टेस्टायनल मेटाप्लेझिया, मी पहिल्यांदा एखाद्या ओळखीच्या माणसाच्या नावाखाली वाचला. कॉलेजच्या पुस्तकात तो होता, परीक्षेपुरता पाठ केला होता. मी मला जमेल तसं सांगायला लागले. पोटाला आतून अस्तर असतं. एक जंतू असतो, तो वर्षानुवर्षं पोटात राहतो, सूज येते, अस्तर झिजतं. मग झिजलेल्या जागी आतड्यात असतं तसलं अस्तर उगवतं.

"पोटात आतडं?"

"आतडं नाही चाचा. आतड्यासारखं अस्तर."

"मंग थे कॅन्सर व्हय?"

"नाही. कॅन्सर नाही."

"मंग चांगली गोष्ट व्हय."

"चांगलीही नाही. म्हणजे, बहुतेकांना पुढे काहीच होत नाही. काहींना होतं."

"मी कोनत्याईत हाओ?"

मला काय माहीत? डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. चाचांचा चेहरा मात्र एकदम खुलला. "म्हंजे कल्हई गेली," ते म्हणाले. "हो," मी म्हटलं, "तसंच समजा." इतकं सोपं मला सुचलं नसतं.

"मंग कल्हई कराची. कोनत्या औषधानं होते, थे सांग."

ती तशी होत नाही, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "डॉक्टरांनी चौदा दिवसांचं औषध लिहिलंय, ते घ्या." पण चाचांना माझ्या आवाजातली भीती दिसली असावी. औषध न घेताच ते निघून गेले आणि दहाबारा दिवसांनी परत आले ते चार चिठ्ठ्या घेऊन. चंद्रपूर झालं, गडचिरोली झालं, मध्ये एका रानातल्या वैदूकडेही जाऊन आले होते. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी चिठ्ठ्या काउंटरवर मांडल्या.

नागपूरचे डॉक्टर म्हणत होते, जंतू मारा, चौदा दिवस तीन प्रकारच्या गोळ्या, मग पुन्हा तपासू. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी ॲसिड कमी करायची गोळी लिहिली होती, रोज एक, कायमची. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी बी-बाराची इंजेक्शनं लिहिली होती आणि तोंडी सांगितलं होतं की या बदलावर तसं औषधच नाही, खर्रा आणि सुकी मासोळी बंद करा आणि दोनतीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण घाला. वैदूनं एका झाडाची साल दिली होती, ती चिठ्ठीत बांधलेली होती. वर आणखी एक पाचवं मत. चंद्रपूरच्या बसमध्ये भेटलेला औषध कंपनीचा एक माणूस म्हणाला होता की दुखण्याच्या काही गोळ्यांनीही हे थांबतं म्हणतात. त्यावर मी अक्षरशः किंचाळले. रिकाम्या, सुजलेल्या पोटात दुखण्याच्या गोळ्या घालून हा माणूस रक्त ओकला असता म्हणजे!

"चिल्लावू नोको," चाचा शांतपणे म्हणाले. "मले एक सांग. हे सगळे शिकेल मान्सं. मंग सगळे एकच गोष्ट काऊन नाई बोलत?"

मी सांगायचा प्रयत्न केला की ते एकमेकांच्या विरुद्ध बोलत नाहीयेत. जंतू मारणं एक काम, ॲसिड कमी करणं दुसरं, बघत राहणं तिसरं. पण सांगता सांगता माझंच मला उमगेना की मग यातलं कोणतं काम अस्तर परत आणतं. एकही नाही. जंतू मेला तर पुढचं बिघडणं थांबेल, निदान मंदावेल, अशी आशा. बिघडलेलं सुधारेल का? कधी सुधारतं म्हणतात, बहुधा नाही म्हणतात. मी तेव्हा सत्तावीसअठ्ठावीस वर्षांची होते, पांढरा कोट घालून बसायची, आणि माझ्यासमोर एक माणूस चार चिठ्ठ्या मांडून माझ्या तोंडाकडे बघत होता. मला त्याला वाचवायचं होतं आणि कशानं ते कळत नव्हतं.

शेवटी मी साल उचलून बाजूला ठेवली आणि म्हटलं, आधी जंतू. आणि मग मी जी चूक केली ती शिकलेल्या माणसाची चूक होती. नको तितकं समजावलं. म्हटलं, "हा जंतू पाण्यातून, उष्ट्यातून जातो. घरात एकाला असला की बहुधा सगळ्यांना असतो."

"सगळ्याईले?"

"आपल्या गावात तर बहुतेक सगळ्यांनाच असेल. मलाही असेल. मला नाही का सारखी जळजळ होत?"

चाचांनी माझ्याकडे फार काळजीनं बघितलं. मी चांदीच्या कागदाची चौदा पाकिटं मोजून दिली. एका पाकिटात एका दिवसाच्या गोळ्या, सकाळच्या आणि संध्याकाळच्या. आणि ठासून सांगितलं, "एकही पाकीट शिल्लक राहता कामा नये." ते म्हणाले, "नाई राह्यनार."

नाहीच राहिलं. दोन आठवड्यांनी आले, म्हणाले, "खतम." दोन महिन्यांनी नागपूरला पुन्हा तपासणी झाली. जंतू जिथल्या तिथं.

माझी झोप उडाली. मला वाटलं, माल खराब असेल. मी पुरवठादाराला पत्र लिहिलं, बॅच नंबर तपासला, पुस्तकं काढली. नागपूरचे डॉक्टरही म्हणाले, चौदा दिवस घेतलं असेल तर असं व्हायला नको. चाची एके दिवशी दुकानात येऊन काहीही न घेता उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बेटा, इनके भाई का भी ऐसाच हुआ था. दवा लगतीच नहीं थी." मी त्यांना बसवून पाणी दिलं आणि काहीतरी थातूरमातूर बोलले.

आणि मग एका सकाळी बाजारात भाजी विकणाऱ्या कौसाबाई आल्या. म्हणाल्या, "मॅडम, गफूरभाईनं देल्लं होतं ना, चांदीच्या कागदाचं पाकिट? थे द्या एक. एकाच दिवसात माही जळजळ गेल्ती."

मी काउंटरची फळी उचलून तशीच बाहेर पडले. चाचा चिंचेखाली एका तपेल्यात बघत होते. मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. त्यांनी तपेलं खाली ठेवलं आणि लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. चौदा पाकिटं, तीन वाटे. पाच घरचे. त्यातले तीन त्यांनी खाल्ले, दोन चाचींना. पाच जवळच्या माणसांचे. चार गरिबांचे. कौसाबाई, एक रिक्षावाला, दर्ग्यापाशी बसणारा म्हातारा, त्याला दोन.

"तीन!" मी ओरडले. "चौदा दिवसांतलं तीन दिवसांचं औषध घेतलं तुम्ही?"

"तूच त बोल्ली, सगळ्याईले हाये म्हून. मंग मी एकटाच सफा होऊन काय करू? एक भांडं कल्हई केलं आन बाकीचे तसेच, त कढी कळकनारच ना बेटा."

चूक होतं, घातक होतं, आणि तरी त्यात कुठं बोट ठेवायचं ते कळेना. अर्धवट औषधानं जंतू मरत नाही, उलट माजतो, तुमचाही आणि त्या सगळ्यांचाही, हे मी सांगितलं. तेव्हा कुठं ते घाबरले. स्वतःसाठी नाही. "म्हंजे मी त्याईले खराब केलं?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

मी रागानं जवळच्यांचे पाच मोजायला लावले. मूलला राहणाऱ्या साल्याला दोन. आणि दोन... चाचा अडखळले. "तुह्या आईले."

घरी जाऊन आईला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "हो, खाल्ले. चांगलं वाटलं मले. तुले सांगू नोको म्हनला थो, तू भडकतं म्हून." मी तिथंच चुलीपाशी बसून रडले. त्यांच्या औषधातले दोन दिवस माझ्याच घरात पचले होते, आणि दुकानात बसून मी बॅच नंबर तपासत होते.

एका पाकिटाचा मात्र पत्ता लागला नाही. तेरा जुळले, चौदावं नाही. चाचा म्हणाले, "गेलं असन कोनाकडे," आणि पुन्हा तपेल्यात बघायला लागले.

दुसऱ्या वेळचं औषध वेगळं आणि जड होतं. चार प्रकारच्या गोळ्या, दिवसातून अनेक वेळा. यावेळी मी एकही गोळी त्यांच्या हातात दिली नाही. टीबीच्या गोळ्या समोर उभं राहून खायला लावतात तसं मी ठरवलं. प्रत्येक वेळेला दुकानात यायचं, माझ्यासमोर गिळायचं, तोंड उघडून दाखवायचं.

ते चौदा दिवस मी विसरणार नाही. औषध कडू होतं, त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना एकट्यानं खाता येत नव्हतं. गोळी तळहातावर घेऊन दुकानात कोण कोण आहे ते बघायचे. कोणी म्हातारी पोट धरून बसलेली असली की हात तिकडे सरकायचा. मी नुसतं "चाचा!" म्हणायची. मग ते भिंतीकडे तोंड करायचे, बिस्मिल्ला म्हणायचे आणि चोरी केल्यासारखी गोळी गिळायचे. वळले की चेहरा इतका ओशाळलेला असायचा की मला माझ्याच कडकपणाची लाज वाटायची.

चौथ्यापाचव्या दिवशी त्यांची जीभ काळी झाली. मी सांगितलं, घाबरू नका, यातल्या एका गोळीत बिस्मथ नावाचा धातू आहे, त्यानं होतं.

"धातू?" चाचांचे डोळे चमकले. "पोटात जाऊन थो काय करते?"

"अं... आतून चिकटतो. जखमेवर थर धरतो."

"मंग थे कल्हईच व्हय!"

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. तो थर काही दिवसांचा, त्यानं अस्तर परत येत नाही, हे सांगायला हवं होतं. पण किती महिन्यांनी तो माणूस असा हसला होता! मी गप्प राहिले. त्यानंतर ते स्वतःहून वेळेवर यायला लागले. दारात उभे राहून आधी काळी जीभ दाखवायचे. गल्लीभर सांगून झालं की आपल्याला पोटात घ्यायची कल्हई मिळाली.

नागपूरचा रिपोर्ट आला. जंतू गेला होता. अस्तर होतं तसंच होतं, आतड्यासारखं, जिथल्या तिथं. मी रिपोर्ट दोनदा वाचला, कारण वर बघायचा धीर नव्हता.

"कल्हई नाई चढली?" चाचांनी विचारलं.

"नाही चाचा. ती त्या औषधानं चढत नसते. मला तेव्हाच माहीत होतं."

त्यांनी रिपोर्टाची घडी घातली. मग म्हणाले, "मलेबी मालूम होतं. जीभ काळी करते थे कल्हई नसते, बेटा. चाळीस वर्सं झाले मी हे काम करून राह्यलो. पन तू त्या दिवशी चूप बसली, म्हून मीबी चूप बसलो. तुले बरं वाटून राह्यलं होतं."

त्यानंतर सातआठ वर्षं चाचा सावलीत होते. खर्रा सुटला, म्हणजे जवळजवळ सुटला. सुकी मासोळी चाचींनी घरातून हद्दपार केली. आणखी दोनदा दुर्बीण घातली गेली, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर. बदल आहे, वाढलेला नाही. "म्हंजे बरं का खराब?" ते विचारायचे. मी म्हणायची, "जसंच्या तसं." "हे तिसरंच काढलं तुमी लोकाईनं," ते म्हणायचे. भांडं एकतर चांगलं असतं नाहीतर कल्हईला आलेलं असतं. असं मधलं भांडं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि आता ते स्वतःच तसं झाले होते.

तोवर घरोघर स्टील आलं. चिंचेखालची भट्टी महिन्यातून एकदा पेटायची, मग तीही बंद झाली. चाची वारल्या. सिरोंच्याला दिलेली मुलगी त्यांना घेऊन गेली. दोन उन्हाळ्यांनी तिचा निरोप आला की दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. पोटाचं काही नव्हतं. मला आनंद व्हावा की रडावं हे कळेना. म्हणजे औषधानं त्यांचं पोट वाचलं, की ते वाचणारच होतं? आम्ही इतकी वर्षं ज्याला घाबरलो ते येणार होतं आणि थांबलं, की मुळात येणारच नव्हतं? मी हे एका मोठ्या डॉक्टरांना विचारलंही. ते म्हणाले, एका माणसाच्या बाबतीत हे कधीच सांगता येत नाही. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

चाचा मला शेवटचे दिसले ते बसस्टँडवर. सिरोंच्याची गाडी लागली होती. मुलगी सामान चढवत होती आणि चाचा खिडकीशी बसले होते. मी टपरीवरून चहा नेऊन दिला. त्यांनी कप तिरपा केला, एक डोळा मिटून आत बघितलं आणि प्यायले. मग झोळीतून ईदचा तो पितळी डबा काढून खिडकीतून माझ्या हातात दिला. ईदला अजून वेळ होता. मी डबा उलटसुलट करून बघायला लागले.

"भाईरून काय पाहतं?" ते म्हणाले. "अंदर पाह्य."

मी झाकण काढलं. आतून कल्हई नवी होती, बहुधा त्या भट्टीवरची शेवटची. आणि तळाशी एक पाकीट. चांदीचा कागद, एका दिवसाच्या गोळ्या, सकाळच्या आणि संध्याकाळच्या, एकही न फोडलेली. मागे बॅच नंबर होता. मला तो पाठ होता.

"तुहा वाटा," चाचा म्हणाले. "तुलेबी जळते म्हने ना. तेव्हा देनार होतो, पन तू लय भडकली."

"चाचा, अहो, मग तुम्ही तरी खायचं! तुमचंच औषध होतं हे!"

"माहं कसं? तुह्या नावाचं काढून ठेवलं होतं ना. दुसऱ्याचा वाटा मी कसा खाऊ?"

गाडी सुरू झाली. ते खिडकीतून हात हलवत काहीतरी म्हणत होते, ते मला ऐकू आलं नाही.

मुदत संपलेली औषधं दर महिन्याच्या शेवटी दुकानातून काढून टाकायचा माझा नियम आहे, आणि मी तो कधी मोडलेला नाही. ते पाकीट घरी आहे, डब्यात.